डोळे मिटून हात वर

आमच्या शाळेत मत डोळे मिटून द्यायचं असे. डावा तळवा डोळ्यांवर घट्ट दाबायचा आणि उजवा हात वर करायचा. शेजाऱ्याचं तोंड पाहून जो हात वर करतो तो स्वतःचं मत देतच नाही, असं गुरुजी म्हणत. हात मोजायचे ते गुरुजींनी एकट्यानं. आकडा ते कधीच सांगत नसत, नुसता निकाल सांगत. आकडा सांगितला की हरणाऱ्याचा अपमान होतो, हेही त्यांनीच शिकवलेलं. आणि निकाल लागला की पहिली टाळी हरणाऱ्यानं वाजवायची.

वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातलं आमचं गाव, केळझरपासून फार लांब नाही. शाळा सातवीपर्यंतची. वरच्या वर्गांना शिकवायला हेच गुरुजी. अंगात खादीचा सदरा, पायात टायरच्या चपला आणि आवाज असा की पटांगणाच्या त्या टोकाला बसलेलं पोरगंही पाठ ताठ करी. दर शनिवारी सकाळी आधी झाडलोट, मग टकळीवर सूत, आणि त्यानंतर सभा. तरटपट्टीवर आम्ही मुलं-मुली बसायचो, आमचा अध्यक्ष आमच्यातलाच असायचा, आणि गुरुजी खिडकीपाशी उभे. पाण्याचा माठ कोणी फोडला, पेरूच्या झाडाचे पेरू कसे वाटायचे, मारामारी करणाऱ्याला काय शिक्षा द्यायची, असले विषय. हसू नका. त्या पेरूंवरून आमच्याकडे जेवढी चर्चा झाली तेवढी मी पुढे कुठल्या ग्रामसभेत ऐकली नाही.

एकदा तर आम्ही गुरुजींवरच ठराव आणला. ते आठवडाभर उशिरा येत होते. अध्यक्षपदी मी होते, आणि कोणीतरी भीत भीत म्हटलं, की उशिरा येणाऱ्या मुलाला जर पडवी झाडायला लावतात तर गुरुजींना का नाही. गुरुजी शांतपणे म्हणाले, "मग मत घ्या." आम्ही डोळे मिटले. मीही हात वर केला. मग त्यांचा आवाज आला, "ठराव मंजूर." त्यांनी खराटा घेतला आणि पडवी झाडली, कोपऱ्यांसकट. आम्ही बघत राहिलो. स्वतःच्या विरुद्धचे हात ज्यानं खरे मोजले, तो आणखी कुणाच्या बाबतीत खोटं मोजेल असं आमच्या स्वप्नातही आलं नसतं.

देश म्हणजे काय, हे मला भिंतीवरच्या नकाशावरून कधी कळलं नाही. नकाशात आमचं गाव नव्हतं, वर्धाही शोधावी लागे. रोज सकाळी प्रतिज्ञा म्हणायचो, ती तोंडपाठ होती म्हणूनच तिच्याकडे लक्ष नसे. पण शनिवारच्या सभेत डोळे मिटून बसले की मला वाटायचं, देश म्हणजे हे असणार. सरपंचाचं पोरगं आणि आमच्या शेतावर राबणाऱ्या सालदाराचं पोरगं एकाच तरटावर, दोघांचे डोळे मिटलेले, दोघांचा हात एकसारखा मोजला जाणार. नागरिक हा शब्द पुस्तकात होता. मला तो तिथं बसून कळला होता, किंवा कळला असं वाटत होतं.

मी सातवीत होते ते आणीबाणीचं वर्ष. मोठी माणसं पाराजवळ आवाज खाली करून बोलत. दिल्लीची निवडणूक पुढं ढकलली अशी बातमी आली, त्या शनिवारी गुरुजी नेहमीपेक्षा हळू बोलले. "तिकडं काय व्हायचं ते होवो. आपल्या शाळेत मतदान होणार." बस, एवढंच. पण आमच्या अंगावर काटा आला. त्या दिवशी त्यांनी सांगितलं असतं तर आम्ही विहिरीत उड्या घेतल्या असत्या. माझं त्या माणसावर किती प्रेम होतं हे सांगितल्याशिवाय पुढचं सांगण्यात अर्थ नाही. बाबांपेक्षा काकणभर जास्तच होतं.

त्याच वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर गुरुजींनी सभेत एक गोष्ट सांगितली. वर्ध्याची एक वसतिगृहाची शाळा आसपासच्या काही गावांतून एकेक मूल आठवीला घेणार होती. राहणं, जेवण, पुस्तकं सगळं त्यांच्याकडे, थेट मॅट्रिकपर्यंत. अट एकच. मूल गुरुजींनी निवडायचं नाही, शाळेच्या सभेनं निवडायचं.

आमच्या गावातल्या मुलीचं शिक्षण सातवीला संपायचं. पुढची शाळा लांब, वाटेत नाला, आणि मुलगी वयात आलेली. माझ्या दोन्ही बहिणी अशाच सातवीनंतर घरी बसल्या आणि दोन वर्षांत उजवल्या गेल्या. मी घरी वसतिगृहाचं काढलं तेव्हा आई चुलीकडं तोंड करून बसली. बाबा बराच वेळ सुपारी कातरत राहिले.

"मी धाडलं म्हटलं तं भाऊबंद तोंड वर काढू देनार नाई," ते म्हणाले. "पन सभेनं निवडलं तं गोष्ट येगळी. गावाच्या पोट्ट्याईनं निवडली, मंग कोन काय बोलनार? सभेनं निवडलं तं जाजो. मी आडवा येत नाई."

बाबा शब्दाचे पक्के होते. म्हणजे माझं पुढलं सगळं आयुष्य आता वर्गातल्या मुलांच्या उजव्या हातांवर आलं होतं, आणि मला त्याची मुळीच भीती वाटली नाही. अभ्यासात मी पुढे होते, सभा मी चालवायचे, गणितं मी सगळ्यांना दाखवायचे. शिवाय शेजारी बसणारी माझी जिवलग मैत्रीण आठवडाभर पोरापोरींच्या घरी जाऊन माझं सांगून आली होती.

समोर होता सरपंचाचा मुलगा. चांगला मुलगा होता, उगीच खोटं कशाला बोलू. अभ्यासात यथातथा, पण कुणाच्या अध्यात ना मध्यात. मतदानाच्या वेळी उमेदवारांनी वर्गाबाहेर थांबायचं, म्हणून आम्ही दोघं पडवीत माठाजवळ उभे होतो. आतून गुरुजींचा आवाज आला, डोळे मिटा. तो माझ्याकडे न बघता पुटपुटला, "मले नाई जायचं तिकडं. मायजवळ नसलो तं मले झोप येत नाई. मी सांगून ठेवलं पोट्ट्याईले, तिलेच द्या म्हनून. बाबाले नको सांगजो."

मला हसू आलं. मी म्हटलं, नाही सांगणार. मनातल्या मनात मी वळकटी बांधायला घेतली होती.

आम्हाला आत बोलावलं. गुरुजींनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला, परत लावला, आणि त्याचं नाव घेतलं.

वर्गात कोणी हललं नाही. मला नाव ऐकू आलं पण आत शिरलं नाही. त्या मुलाचा चेहरा रडवेला झाला, आणि मला ते सोंग वाटलं. मग सगळे माझ्याकडे बघताहेत हे लक्षात आलं, कारण पहिली टाळी माझी होती. मी वाजवली. जोरात वाजवली. गुरुजींनी पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "हरणंसुद्धा शिकावं लागतं. तू आज खरी नागरिक झालीस." आणि मला सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी मला अभिमानही वाटला.

अभिमान घरी पोचेपर्यंत टिकला. बाबांनी विचारलं, मी मान हलवली. "सभेनं नाई म्हटलं तं नाई," एवढंच ते बोलले आणि बैल सोडायला गेले. त्यांना दोष देता येत नाही. त्यांनी सभेवर विश्वास ठेवला होता, माझ्याइतकाच.

मग मला राग आला, पण कुणाचा आला बघा. गुरुजींचा नाही, सरपंचाचा नाही. मला राग आला माझ्या सवंगड्यांचा. तोंडावर गोड बोलून, तळव्याआड लपून, त्यांनी मला नाकारलं होतं. माझ्या गणितांवर पास झालेली ही पोरं. आणि सगळ्यांत जास्त राग मैत्रिणीचा, कारण निकालानंतर ती मला नजर देईना. मी त्याचा अर्थ लावला, हिनंही हात वर केला नव्हता. मी तिच्याशी बोलणं टाकलं. नदीवर धुण्याला ती आली की मी दुसऱ्या दगडावर जायचे. दोन वर्षांनी माझं लग्न झालं तेव्हा ती हळदीला दारापर्यंत आली आणि तिथूनच परत गेली.

सरपंचाचा मुलगा दिवाळीला वसतिगृहातून आला तो परत गेलाच नाही. आईशिवाय झोप येत नव्हती म्हणे. ती जागा मग कोणालाच मिळाली नाही. तशीच गेली.

मला दिलं सिंदी रेल्वे या गावी. नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये नोकरीला, माणूस शांत. मोसमात घरात, केसांत, पिठाच्या डब्यात सगळीकडे कापसाचे तंतू. मी चार लोकांत वाचता-लिहिता येणारी बाई म्हणून महिला मंडळात गेले, पण कशाला उभी राहिले नाही. कोणी नाव सुचवलं की मी दुसरीचं नाव पुढे करायचे. लोक समोर हो म्हणतात आणि हात खाली ठेवतात, हे मी शिकले होते. एकवीस पूर्ण झाल्यावर पहिलं मत दिलं, शिक्का मारला, घडी घालून कागद पेटीत टाकला. बोटाला शाई लावून बाहेर आले तेव्हा इतर बाया हसत होत्या, बोटं दाखवत होत्या. मला कसलीच हौस वाटली नाही. शाळेनं मला मत द्यायला शिकवलं खरं, पण लोकांवरचा विश्वास तिथंच काढून घेतला होता.

त्यानंतर एक-दोन वर्षांनी, चतुर्थीला, केळझरच्या गणपतीला गेले होते. टेकडीच्या पायऱ्या उतरताना कोणीतरी माझं माहेरचं नाव घेऊन हाक मारली. माझी ती मैत्रीण होती, कडेवर पोर घेऊन, आधीपेक्षा बारीक झालेली. पळून जाण्याइतकी मी आता लहान राहिले नव्हते. आम्ही झाडाखाली बसलो. तिनं शिदोरी सोडली, भाकर माझ्यापुढे केली. इकडचं तिकडचं झालं. मग मीच म्हटलं, की तेव्हा तू तरी मला हात द्यायचा होतास.

ती माझ्याकडे बघतच राहिली. "अवं, मी तुलेच हात वर केलता. सगळ्याईनंच केलता."

"मग तो कसा निवडून आला?"

"थेच तं." तिनं पोराला दुसऱ्या मांडीवर घेतलं. "तुयं नाव घेतलं तवा म्या बोटाच्या फटीतून पायलं. मले राह्यवलंच नाई. सारा वर्ग हात वर करून होता वं. त्याच्या नावाले मोजून दोन-चार हात, थेही लहान पोट्ट्याईचे."

भाकरीचा तुकडा माझ्या हातात तसाच राहिला. मी विचारलं, "मग बोलली काऊन नाई?"

"कशी बोलू? म्या डोये उघडले होते न." हे तिनं अशा आवाजात सांगितलं जसं काही तिनं चोरी केली होती. "सभेत थो गुन्हा होता. आन् गुरुजीनं मले पायलं होतं. आमची नजरानजर झाली. मले वाटलं, आता उभं करतीन. पन नाई केलं. मले वाटलं, माफ केलं त्याईनं. घरी जाऊन रडली मी. म्हटलं, केवढ्या मोठ्या मनाचा मानूस."

वर देवळात घंटा वाजत होत्या. मला ओरडावंसं वाटत होतं आणि ओरडायला समोर कोणी नव्हतं. एकटी साक्षीदार होती, आणि साक्ष देणं हाच गुन्हा आहे असं तिला आधीच शिकवून ठेवलेलं. तिनं तो नियम इतका पाळला की माझ्याशी तुटलेली मैत्री मान्य केली, पण डोळे उघडल्याचं कबूल केलं नाही. आम्ही दोघी एवढ्या चांगल्या विद्यार्थिनी होतो.

गुरुजींनी असं का केलं? मी त्यांच्या बाजूनंही खूप विचार केला, रात्री नव्हे, भर दिवसा, पीठ मळताना, कपडे वाळत घालताना. पुढच्या वर्षी शाळेला खोली वाढवायला सरपंचानं जागा दिली, हे खरं. गुरुजींची बदली होणार होणार म्हणत होते ती झाली नाही, हेही खरं. किंवा त्यांना वाटलं असेल, मुलगी आहे, आज ना उद्या लग्न होईल, जागा वाया जाईल. काही का असेना. त्यांनी मला सरळ घरी येऊन सांगितलं असतं, की मुलीला पाठवता येत नाही, तर मी त्यांच्याशी भांडले असते, रडले असते, आणि कदाचित विसरलेही असते. पण त्यांनी माझी हार माझ्या मित्रमैत्रिणींच्या नावावर टाकली. माझं गाव माझ्या बाजूनं उभं होतं आणि मला ते इतकी वर्षं कळू दिलं नाही. याला मी विश्वासघात म्हणते. दुसरा मऊ शब्द मला सापडलेला नाही, आणि मी शोधणारही नाही.

गुरुजी निवृत्त झाले तेव्हा गावानं सत्कार ठेवला. जुन्या विद्यार्थ्यांना निरोप गेले. मी जाणार नव्हते. मैत्रीण येणार म्हणाली म्हणून गेले. तीच शाळा, तोच पेरू, आता म्हातारा झालेला. सरपंचाच्या खुर्चीवर आता तो मुलगा होता, वडिलांसारखंच पोट सुटलेलं. मला बघून तो ओशाळं हसला. शाल झाली, नारळ झाला, भाषणं झाली. प्रत्येक जण सांगत होता की लोकशाही काय असते हे आम्ही या शाळेत शिकलो. गुरुजींनी पडवी झाडल्याची गोष्ट तर तिघांनी सांगितली.

मग सरपंच उठला आणि म्हणाला, शाळेच्या नव्या खोलीला गुरुजींचं नाव द्यावं असा ठराव मांडतो. गुरुजींनी नको नको केलं. मागून कोणीतरी ओरडलं, "जुन्या पद्धतीनं होऊ द्या." सगळे खुश झाले. गुरुजीही हसले, काठी टेकत खिडकीपाशी जाऊन उभे राहिले, आणि त्याच आवाजात म्हणाले, "डोळे मिटा."

मिशा फुटलेली माणसं, लेकुरवाळ्या बाया, सगळ्यांनी डावा तळवा डोळ्यांवर ठेवला आणि उजवा हात वर केला. माझ्या शेजारी मैत्रिणीनंही. तिला सगळं माहीत होतं, तरी तिचा हात गेलाच. नुसती सवय. मी डोळे उघडे ठेवले. हात मांडीवर ठेवला.

गुरुजींची नजर ओळीओळीनं फिरत आली आणि माझ्यावर थांबली. आम्ही एकमेकांकडे बघत होतो, सगळं गाव आंधळं होऊन मध्ये बसलेलं. त्यांनी ओळखलं की नाही असं विचारू नका. त्यांनी चष्मा काढला, शालीला पुसला, परत लावला.

"एकमतानं मंजूर," ते म्हणाले.

मी उभी राहिले. "गुरुजी, एक हात खाली होता. माझा."

सगळ्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे वळले. गुरुजी जराही गडबडले नाहीत. प्रेमानं हसले, खरंच प्रेमानं. "अगं, तुझा मी धरूनच घेतला. तू काय परकी आहेस?"

वर्गात हशा पिकला. लहानपणापासून अशीच भांडखोर आहे, असं कोणीतरी म्हणालं, आणि त्यातही माया होती. मग सगळे थांबले, टाळीसाठी, आणि पुन्हा एकदा सगळ्यांची नजर माझ्या हातांवर आली, कारण पहिली टाळी हरणाऱ्याची असते हे कोणी विसरलेलं नव्हतं. मी वाजवली नाही. शेवटी सरपंचानं सुरुवात केली आणि खोली टाळ्यांनी भरली.

मी खाली बसले. मैत्रिणीनं डोळ्यांवरचा तळवा काढला होता, ती गुरुजींकडे बघत होती, पण तिचा दुसरा हात अजून वरच होता. मी तो मनगटाला धरला आणि खाली घेतला.